बारशाच्या वड्या

बकुळाची मुलगी अकरा दिवसांची झाली, त्या दिवशी लालबागेत सकाळपासून दगडफेक चालू होती. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार, असं आदल्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं होतं. सकाळी गिरण्यांचे भोंगे वाजले, पण आत कुणी गेलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बकुळाची आई जाईबाई मात्र कोथिंबीर वड्या तळत होती. उद्या बारसं. माणसं सत्तर आणि शेगडी एक. म्हणून पहाटेच तिनं बेसनाचे उंडे वाफवून गार करत ठेवले होते. आज वड्या कापून अर्ध्याच तळायच्या आणि उद्या पाहुणे बसले की पुन्हा कढत तेलात सोडायच्या, म्हणजे खोळंबा होत नाही आणि वड्या कुरकुरीत राहतात. तिला कुणी विचारलं असतं की बाहेर आग लागलीय आणि तुला तळणाचं काय सुचतंय, तर तिनं खाटेवरच्या पोरीकडे बोट दाखवलं असतं. बकुळाची दोन मुलं पोटातच गेली होती. ही तिसरी, जगलेली.

समोरच्या खोलीतली काशीबाई दाराशी बसून वड्या कापत होती. दोघी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर, एकाच दिवशी लागलेल्या.

"उद्या कोण येतंय गो? रस्त्यावर कुत्रं फिरकत नाही," काशीबाई म्हणाली.

"बाहेरचे नाही आले तरी चाळ आहे ना. पातळ काप, नाहीतर कुरकुरीत होत नाहीत."

"माझं लग्न तुझ्या आधी झालंय. मला शिकवू नको."

तेवढ्यात खाली गोळीचा आवाज झाला. मग आणखी दोन. चाळीच्या चौकात अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं आणि पांढरा धूर जिन्यातून, गॅलरीतून वर चढला. खाटेवरच्या बकुळानं पदर पाण्यात बुडवून लेकीच्या तोंडावर धरला. पोर आधी रडली, मग खोकली, मग तिचा आवाजच येईना.

"आई, हिचा श्वास चालत नाही!"

जाईबाईनं झारा टाकून खिडकी उघडली, तर बाहेरूनही धूरच आला. तिनं पोरीला उलटी धरून पाठीवर थोपटलं. दोनदा, तीनदा. पोरीनं एकदाची किंकाळी फोडली. जाईबाईनं तिला बकुळाच्या कुशीत दिलं आणि त्याच क्षणी दत्ताराम, बकुळाचा नवरा, दारातून आत कोसळला. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं होतं.

"दार लाव! मागे आहेत!"

काशीबाई वड्या कापायची सुरी हातात घेऊनच दार ओढायला उठली. पण लाठी आधी आत आली, मग तिच्यामागून शिपाई. विशी-बाविशीचा असेल. त्यानं काशीबाईला ढकललं आणि दत्तारामाच्या पाठीवर, मानेवर, हातांवर लाठी घातली. हाड मोडल्याचा आवाज जाईबाईला स्पष्ट ऐकू आला. दत्ताराम सरपटत खाटेखाली जाऊ लागला. शिपायानं पुन्हा लाठी उचलली तेव्हा खाटेवर बकुळा होती, तिच्या कुशीत पोर होती.

"बाळंतीण आहे! अरे मेल्या, बाळंतीण आहे!" जाईबाई ओरडली.

त्यानं ऐकलंच नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. जाईबाईनं शेगडीवरची कढई दोन्ही कानांना धरून उचलली आणि तेल त्याच्या अंगावर ओतलं.

तो असा ओरडला की खालचा आरडाओरडा थांबल्यासारखा वाटला. मान आणि उजवा हात धरून तो जमिनीवर लोळू लागला. गॅलरीत त्याचा साहेब होता. धुरात त्याला आपला माणूस लोळताना दिसला आणि दाराशी सुरी हातात घेतलेली बाई दिसली. त्यानं गोळी झाडली.

काशीबाई खाली बसली. तिच्या गळ्याखाली लहानसं भोक पडलं होतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून रक्ताचे बुडबुडेच आले. जाईबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. स्वतःचे तळवे भाजून सोलले होते, हे तिला तेव्हा कळलंही नाही.

वरच्या मजल्यावरून लोक विटा फेकू लागले तसे साहेब आणि बाकीचे शिपाई जिना उतरून पळाले. भाजलेला शिपाई मागेच राहिला. चाळीतली माणसं खोलीत घुसली. पुढे राजाराम होता, काशीबाईचा धाकटा दीर. वहिनीकडे बघून त्यानं शिपायाचा पाय धरला आणि त्याला गॅलरीकडे फरफटत नेलं.

"फेका साल्याला खाली!"

जाईबाई कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

"सोड त्याला."

"तूच भाजलंस ना त्याला? आता दया येते?"

"दया नाही येत. पण तो आता कुणाला मारत नाहीये. सोड."

राजारामनं तिच्या मुस्काटात मारली. ती हलली नाही. शेवटी राजारामनं शिपायाचा पाय सोडला आणि कुणीतरी पाण्याची घागर आणून त्याच्यावर ओतली. संध्याकाळी पोलिसांची गाडी आली, तेव्हा शिपायाला आणि जाईबाईला एकाच गाडीतून नेलं.

कोर्टात शिपायानं तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हीच ती. तेल हिनं ओतलं. मला खाली फेकत होते, ते पण हिनंच थांबवलं." जाईबाईनं दोन्ही कबूल केलं. तिला चार महिन्यांची सजा झाली.

सुटून आली तेव्हा दत्तारामाचा हात वाकडाच जुळला होता. पोर बाळसं धरून होती, पण बारसं झालेलं नव्हतं. आई आल्याशिवाय करायचं नाही, असं बकुळानं ठरवलं होतं.

जाईबाई आधी समोरच्या दारात गेली. काशीबाईचा नवरा तात्या विडी वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"एक विचारतो, जाई. तू तेल ओतलं नसतंस, तर गोळी सुटली असती?"

तुरुंगात तिनं याची पुष्कळ उत्तरं जुळवून ठेवली होती. ती सगळी तिनं बाजूला ठेवली.

"नसती सुटली," ती म्हणाली.

"आणि तुझी नात?"

"तिला लाठी लागली असती. नसतीही लागली. मला त्या वेळी लागणार असंच दिसलं, तात्या."

तात्यानं हातातल्या विडीला दोरा गुंडाळला. बकुळा पोरीला घेऊन जाईबाईच्या मागे येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "हिचं नाव काशी ठेवायचं म्हणतोय आम्ही."

"नको," तात्या म्हणाला. "हाक मारलीत की मला ऐकू येईल. दुसरं काही ठेवा."

मग त्यानं विडी बाजूला ठेवली, हात धोतराला पुसले आणि पोरीला घ्यायला पुढे केले.