नागुबाईचे पाय आणि मी

मित्रांनो, मी एक जुने घमेले आहे. बहात्तरच्या दुष्काळात देगलूरच्या मडिवाळप्पांच्या दुकानातून रेणुकादासांनी मला विकत घेतले. माझी भावंडे दुष्काळी कामावर मुरूम वाहायला गेली. माझ्या नशिबी मात्र उदगीरजवळची कुष्ठरोग्यांची वस्ती आली. खरे सांगते, मी तेव्हा नाक मुरडले.

रेणुकादास वकिलाचे चिरंजीव. या रोग्यांच्या सेवेसाठी त्यांनी घर सोडले आणि घरानेही त्यांना सोडले. रोज सकाळी ते वस्तीतल्या नागुबाईचे बधिर पाय माझ्यातल्या पाण्यात भिजवत, कडक कातडी हळूच घासत, तेल लावत. तिला काटा रुतला तरी कळत नसे. पाय भिजवले नाहीत तर भेगा चिघळून एखादा पाय कापावा लागेल, हे त्यांनी तिला बजावून ठेवले होते.

पण पाणी होते कुठे? गावात टँकर येई, तेव्हा सरपंच शेषेराव रांगेपाशी उभे राहत. "तुमी त्यायला शिवता. घागर मागं ठेवा," ते रेणुकादासांना म्हणत. "इथं प्यायला न्हाई, अन् तुमी पाय भिजवून राहिले!" मागची घागर बहुधा कोरडीच परत येई. रेणुकादासांनी आंघोळ सोडली. मग प्यायचे पाणीही ते माझ्यात ओतू लागले आणि एके सकाळी चक्कर येऊन पडले.

नागुबाईने पाय आखडून घेतले. "दादा, तुमच्या घशातलं पाणी माझ्या पायाला नको. जाईल तर जाऊ द्या."

ते रागावले, हातापाया पडले. ती बधली नाही. चार महिन्यांत तिचा डावा पाय कापला. रेणुकादास माझ्याशेजारी बसून ढसाढसा रडले. मला शेषेरावांची चीड आली, आजही येते.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. शेषेराव आता पुढारी होते. रुग्णाचे पाय धुऊन नव्या जिल्ह्याचा आनंद साजरा करायचे त्यांनी ठरवले. वस्तीत मांडव उभा राहिला, फोटोवाला आला. मला घासूनपुसून काठोकाठ भरले, वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. नागुबाई कुबडी टेकत येऊन खुर्चीवर बसली. फोटोवाला घुटमळला. शेषेराव रेणुकादासांच्या कानाशी लागले, "दोन्ही पाय असलेली एखादी न्हाई का हो?"

"होती," रेणुकादास म्हणाले. "हीच होती."

मित्रांनो, आता माझे बूड गंजले आहे. मला फेकून दिलेत तरी माझी तक्रार नाही. पण रांगेत कुणाची घागर मागे सारली जात असेल, तर तेव्हाच बोला. पाकळ्या टाकायला नंतर कुणीही येते.