विचारलं तर सांगते

शोभाबाईनं गिरणीचा वरचा दगड उलथा केला, त्याच्यापुढं पोतं अंथरून बसकण मारली आणि छिन्नीनं टाकी घालून तो खडबडीत करायला सुरुवात केली. दगड गुळगुळीत झाला की ज्वारी दळत नाही, नुसती चेंगरतो. पीठ गरम येतं आणि भाकरी थापताना चिरते. सकाळपासून लाईट नव्हती. मंठाळात लाईट गेली की बाकीचे लोक शिव्या देत बसतात, शोभाबाई छिन्नी-हातोडा काढते. डोळ्यांत कपरी उडू नये म्हणून तिनं लेकाचा जुना काळा गॉगल चढवला होता. नाकातोंडाला पदर गुंडाळला होता, आणि उरलेल्या कपाळावर पिठाचा थर होता.

"हिरोईन दिसायलीस," लिंगम्मा म्हणाली. ती दारातल्या बाकड्यावर सूप मांडीवर घेऊन ज्वारीतले खडे वेचत होती.

"तुझ्या डोळ्यात कपरी गेली की मंग इचारते, कोण हिरोईन हाय ते."

"माझ्या डोळ्यात आता जायला काय ऱ्हायलंय? मोतीबिंदूनं समदी जागा धरलीया."

नवरा गेल्यावर शोभाबाईनं ही गिरणी घातली, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा वरच्या आळीतून एक डबा येत नव्हता. तुमचा हात आमच्या पिठाला लागतो, असं तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती, म्हणून 'तुमचा दगड बारीक काढत न्हाई' म्हणायचे. आठ महिन्यांनी वरच्या आळीतला पहिला डबा आला, तो लिंगम्माचा. तिच्या सासूनं ते पीठ उकिरड्यावर ओतलं. पुढच्या आठवड्यात लिंगम्मा पुन्हा डबा घेऊन दारात. घरात काय झालं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही. वाईट काही सांगायचं म्हटलं की तिची जीभच टाळूला चिकटते.

शोभाबाईचं बरोबर उलटं. या भागात पोरगी द्यायची तर मुलीकडचा एखादा माणूस आधी गुपचूप गावात येऊन जातो. स्टँडवर चहा पितो, पान खातो आणि सहज विचारल्यासारखं मुलाचं विचारतो. सगळं गाव अशा वेळी गोड बोलतं. आपल्याही पोराची चौकशी उद्या कुणीतरी करणार असते, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. शोभाबाई गोड बोलत नव्हती. गुरुपादय्याच्या पोराबद्दल तिनं सांगितलं होतं, "दिवसा चांगला हाय, पन तुमची पोरगी त्याच्यासंगं दिवसाच ऱ्हानार हाय का?" गुरुपादय्या दोन दिवस गिरणीच्या दारात उभा राहून ओरडला. शोभाबाईनं पट्टा चढवला आणि दळत राहिली. दुसऱ्या एका पोराबद्दल ती म्हणाली होती, "तोतरं हाय, काळं हाय, पन बाईला शिवी देनार न्हाई. द्या." ते लग्न झालं, आणि टिकलं.

तिचा नियम एकच होता. विचारलं तर सांगते. न विचारता कुणाच्या दारात जात नाही.

लिंगम्मा बाकड्यावर असली की आलेल्या माणसाला आधी म्हणायची, "बंगारा हाय पोरगं, बंगारा." कानडीतलं ते सोनं ती सगळ्यांना सारखंच वाटायची. तिचं झालं की माणूस शोभाबाईकडं बघायचा.

"तू असं बोलतीस म्हनून मला वंगाळ व्हावं लागतंय," शोभाबाई तिला म्हणायची.

"आन तू वंगाळ व्हतीस म्हनून मला गोड बोलता येतंय," लिंगम्मा म्हणायची.

अकराच्या सुमाराला एक मोटरसायकल येऊन थांबली. पन्नाशीचा माणूस उतरला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायांत चपला, हेल्मेट काखेत.

"नमस्कार. मी गुंडेराव, कडगंचीचा. स्टँडवरच्या हॉटेलात म्हनले, गावातल्या पोरांचं खरं ऐकायचं असंल तर गिरणीवर जावा."

"नाव सांगितलं का हॉटेलात, कुठल्या पोराचं?" शोभाबाईनं हातोडा न थांबवता विचारलं.

"छे. नाव सांगितलं की गाव शिकवून ठिवतंय समद्यास्नी." तो हसला. लिंगम्माच्या कपाळावरची विभूती त्यानं पाहिली, आणि दोघींनाही लिंगायत धरून तो मोकळा झाला असावा. कारण पुढचं तो फार निर्धास्त बोलला. "आमच्या समाजातलं पोरगं हाय. समाजातल्याला इचारलं तर कुणी खरं बोलनार न्हाई. तुमी भाईरच्या, म्हनून इचारतो."

त्यानं खिशातून मोबाईल काढून पुढं धरला. पडद्यावर कोट घातलेला, केस मागं वळवलेला सुगत होता. शोभाबाईचा एकुलता एक लेक.

छिन्नी दगडावर टेकलेली तशीच राहिली.

"सुगत भालेराव. हुमनाबादला कंपनीत हाय. बाप न्हाई, आई गृहिनी, असं बायोडाट्यात लिवलंय. माझी भाची पंचशीला, नर्सिंग झालंय तिचं. तिला बी बाप न्हाई, मीच वाढवली. पोराचं एकदा झाल्तं, सोडचिठ्ठी झाली, ते त्यांनी लपवलं न्हाई." तो खाली उकिडवा बसला. "म्हनले, पैल्या बायकोच्या डोक्यात फरक व्हता, नांदली न्हाई. असं असतंय बी. पन मला एवढंच इचारायचंय बाई, ती पैली कामून गेली?"

गृहिणी. शोभाबाईनं तो शब्द ऐकला आणि गॉगलच्या आत डोळे मिटले. याच दगडावर तो शिकला होता, आणि कागदावर त्याला तो दगड नको होता. पण तोच लेक दर रविवारी हुमनाबादहून येतो, तिच्या गुडघ्याला तेल चोळतो, बिदरच्या डॉक्टरची तारीख तिच्याआधी त्याला पाठ असते. आईवर त्यानं कधी आवाज चढवला नाही.

सून ज्योत्स्ना घर सोडून गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. सोडचिठ्ठीसाठी विहारात बैठक बसली तेव्हा पंचांनी दोन्ही बाजूंच्या पुरुषांना विचारलं, सुगतला विचारलं, ज्योत्स्नाच्या भावाला विचारलं. शोभाबाई बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती. तिला कुणी विचारलं नाही.

आज विचारलं होतं.

तिनं हातोडा उचलला, घाव घातला. तो चुकला आणि दगडाच्या कडेचा टवका उडून गुंडेरावाच्या चपलेपाशी पडला. तिनं दुसरा घाव घातलाच नाही. पदराच्या आत तोंड उघडलं होतं, हे फक्त तिलाच ठाऊक. आवाज येत नव्हता.

गुंडेराव लिंगम्माकडं वळला. "तुमी सांगा, आजी."

"बंगा..." लिंगम्मा म्हणाली आणि थांबली. तिनं शोभाबाईकडं पाहिलं. काळ्या काचांतून काही दिसत नव्हतं. मग तिनं सूप बाकड्यावर ठेवलं, दोन्ही हात मांडीवर पुसले.

"पोरगी देऊ नगा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"पैलीच्या डोक्यात फरक न्हवता. कानात व्हता. त्यानं मारल्यावर झालेला. रगत आलं कानातून. माझ्या गोठ्यात येऊन बसली, कडब्याच्या आड. मी पुसलं तर वरडली बी न्हाई, वरडलं तर त्याला ऐकू जाईल म्हनून. पाठीवर जुनं बी व्हतं, ते म्या बघितलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला मीच तिला बसमधी बसवली, कमठाण्याला, तिच्या माहेरी. ती नांदली न्हाई, असं न्हाई. तिला नांदू दिलं न्हाई."

लिंगम्मा धापा टाकत होती, जणू डोक्यावर पोतं घेऊन चढ चढून आली असावी. एवढं वाईट ती जन्मात एका दमात बोलली नव्हती.

गुंडेराव उठला. शोभाबाईकडं बघून म्हणाला, "तुमी कायच बोलला न्हाई, बाई."

"तिनं सांगितलं ते ऐकलं न्हाई का तुमी?" शोभाबाईचा आवाज खरखरीत आला. "ती खोटं बोलत न्हाई. जावा आता."

त्यानं दोघींना हात जोडले. मोटरसायकल वळून कडगंचीच्या दिशेनं गेली.

शोभाबाईनं गॉगल काढला. डोळ्यांभोवतीचं तेवढंच कातडं पिठाशिवाय होतं.

"बसमधी तू बसवलीस?"

"व्हय."

"दोन वर्सं माझ्याजवळ या बाकड्यावर बसतीस. मला सांगितलं न्हाईस."

"तू इचारलं न्हाईस," लिंगम्मा म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. तिनं सूप डब्यात रिकामं केलं, झाकण लावलं आणि न दळता घरी निघाली. चार पावलांवर जाऊन वळली. "माझ्यावर राग धर, शोभा. पन त्या कडगंचीच्या पोरीवर धरू नगंस. तिनं अजून काय केलं न्हाई."

रविवारी सुगत आला, तो भर दुपारी. आला तसा आत न जाता गिरणीतच उभा राहिला. गिऱ्हाईक नव्हतं. शोभाबाई जमिनीवरचं पीठ केरसुणीनं एका जागी ओढत होती. लिंगम्माचं बाकडं तीन दिवस रिकामं होतं.

"कडगंचीवाल्यांनी नको म्हनून कळवलं," तो म्हणाला. "मधल्या माणसाला सांगितलं, गिरणीवर समदं कळलं. गिरणीवर म्हनजे कुठं, मा? कुणी सांगितलं?"

शोभाबाई केर ओढत राहिली.

"मला ठाव हाय कुणी सांगितलं. दिवसभर ती म्हातारी हितं बसून आसती. मोठ्या गोड जिभेची! त्यांच्या घरचं कुणी आमच्या घरचं पानी तोंडाला लावत न्हाई, आन आमची लग्नं मोडायला बरं येतात." त्याच्या हातात गाडीची किल्ली होती, ती तो मुठीत दाबत होता. "आत्ता जातो तिच्या दारात. चार पोरं घेऊन जातो. आख्ख्या आळीला ऐकू गेलं पाहिजे, की ह्या लोकांनी आमचं काय केलं. तिच्या लेकाला भाईर काढतो अगुदर."

तो वळला.

"मी सांगितलं," शोभाबाई म्हणाली.

सुगत थांबला. "काय?"

"कडगंचीचा माणूस आल्ता. त्यानं मला इचारलं. मी सांगितलं."

"तू?" तो हसल्यासारखा झाला. "तू आपल्याच..." गुरुपादय्या दारात ओरडत होता तेव्हा आई शांतपणे दळत होती, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आई खोटं बोलत नाही, हे या गावात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग आधी उतरला आणि त्या जागी काय आणावं, हे त्याला कळेना.

"काय सांगितलंस?"

शोभाबाईनं केरसुणी भिंतीला लावली. कंबर सरळ केली. तिच्यापेक्षा तो हातभर उंच होता, तरी ती वर न बघता समोर बघत बोलली.

"पोरगी देऊ नगा, म्हनले. पैलीच्या डोक्यात फरक न्हवता म्हनले, माझ्या पोरानं तिच्या कानावर मारलं, कानातून रगत आलं. पाठीवर जुनं बी व्हतं. ती नांदली न्हाई असं न्हाई, आमी नांदू दिलं न्हाई."

"मा..."

"ऱ्हा गप, इचारलंस ना? मंग ऐक. आन असंबी म्हनले, की त्या दिवशी लाईट व्हती. मागच्या खोलीत तू तिला मारायलास, आन हितं गिरणी चालू व्हती. बटन माझ्या हाताजवळ. बंद केली असती तर ती वरडल्यालं चार घरांस्नी ऐकू गेलं असतं. मी बंद केली न्हाई. वरून अजून दोन पायल्या ज्वारी टाकली." "पुन्हा कुनी आलं, तर पुन्हा सांगीन. तू शंभर फोटो काढ कोट घालून."

सुगतनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. मग त्यानं रिकाम्या बाकड्याकडं पाहिलं.

"त्यो कडगंचीवाला आल्ता, तवा हितं अजून कोन व्हतं?" त्यानं हळू विचारलं. "लिंगम्मा व्हती का?"

शोभाबाईनं या वेळी मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"कुनीबी न्हवतं," ती म्हणाली. "मी एकलीच व्हते."