खाडीपलीकडचं घुमट

नाद अमर असतो, असं आपल्याकडे मोठमोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. परशुरामकाकांचा नाद मात्र घोरपडीवर अवलंबून होता. घोरपड मारायला कायद्याने बंदी आली, घुमट या मातीच्या वाद्याच्या मडक्यावर घोरपडीऐवजी बकऱ्याचं कातडं चढलं, आणि अमरत्व तिथेच आटोपलं.

दर शिमग्याला मांडावर, म्हणजे वाजवायला जमायच्या जागी, घुमटं वाजू लागली की काका कान देत आणि मान हलवत. "तो आवाज नाय." मरायच्या आधी तो आवाज एकदा ऐकायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. 'तो' म्हणजे कोणता, हे कोणी विचारलं नाही. म्हाताऱ्यांच्या तक्रारी विचारल्याने वाढतात.

यंदा पुतण्या विनीतने मनावर घेतलं. तो गोव्यातल्या कारखान्यात सर्किटं तपासतो, त्यामुळे त्याला सगळीकडे सर्किटंच दिसतात.

"काका, घुमट म्हणजे सर्किटच. मडक्याच्या मानेतली हवा जड, हलायला कुरकुरते, ती कॉइल. पोटातली हवा दाबली की उसळते, तो कपॅसिटर. आवाज विरतो तो रेझिस्टर. घोरपडीच्या कातड्याचं वजन, ताण घातला की कॉम्प्युटर वाजवून दाखवील."

"आणि वाजवणारो?"

"बॅटरी."

"भावजींका बॅटरी म्हणतंस, मेल्या?" आतून विनीतची आई आनंदीबाई म्हणाल्या. "चार्ज कधी झालेले बघलंस?"

माळ्यावरचं जुनं, फाटक्या कातड्याचं घुमट खाली आलं. पोटात किती हवा मावते ते तांदूळ भरून मोजलं. तांदूळ आनंदीबाईंनी परत मोजून घेतले. घुमटाचं मागचं तोंड डाव्या तळव्याने उघडबंद करतात, त्यासाठी विनीतने कमीजास्त होणारा रेझिस्टर जोडला. शेवटी लॅपटॉप 'घुम्म' म्हणाला.

काकांनी डोळे मिटून ऐकलं. "बरोबर आसा. घोरपडीचोच. पण तो नाय."

विनीतने ताण वाढवला, कमी केला. नाय. मान लांबवली. नाय.

"अहो काका, तुमच्याच घुमटाचं माप आहे हे!"

"माझो आवाज कित्याक होयो माका? मी पलीकडचो म्हणतंय. खाडीच्या."

"पलीकडे कोण वाजवायचं?"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

"किशोरीचो भाऊस," आनंदीबाईंनीच सांगून टाकलं. "सांगा ना भावजी, आता लाज कसली?"

मग थोडंथोडं निघालं. पलीकडचा मांड किशोरीच्या अंगणात. तिथलं घुमट वाजलं की ती अंगणात आहे, एवढं इकडे कळायचं. इकडचा मांड सोडून काका काठावर जाऊन बसत. तिच्याशी ठरत आलेली सोयरीक काकांच्या वडिलांनी मोडली होती. होडीतून वऱ्हाड न्यायचं कोणी, हा त्यांचा मुद्दा. काकांनी पुढे लग्न केलं नाही. तिनेही नाही.

विनीतने चहा थंड होऊ दिला आणि सर्किटला खाडी जोडली. एकापुढे एक कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, अशी लांबलचक माळ. घुमटाचा टणत्कार मधल्या पाण्यावरच गळून पडला. पलीकडून आलं ते फक्त खोल, ओलसर, उशिरा पोचलेलं 'घूं'.

काका ताठ बसले.

"परत लाव."

लावलं.

"जरा भरती कर."

"म्हणजे?"

"भरतीक आवाज जवळ येय रे."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. विनीतने थोडे रेझिस्टर कमी केले. काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि दाराकडे बघत राहिले. आनंदीबाई नवा चहा घेऊन आल्या. कप ठेवला, टोमणा मारला नाही.

कप उचलत विनीतने विचारलं, "त्या बाई आता कुठे असतात?"

"खंय जातली? थंयच आसा. भावाकडे."

खाडीवर पूल झालेला आहे. रिक्षा थेट भावाच्या अंगणात सोडते.