बेंतेनच्या देवळात जोडीनं

स्थळ मुराकोशीकाकूंनी आणलं होतं आणि अडचण तिथेच होती.

काकूंच्या यजमानांचा माशाच्या वड्यांचा कारखाना आहे. चिझुरू ओरिहारा तिथे मासळी वाटायच्या यंत्रावर असते. तिचे वडील निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्याचा ट्रक चालवत. काकूंनी बंदरातली बरीच लग्नं जमवली आहेत आणि एकही मोडलेलं नाही, हे त्या भेटेल त्याला सांगतात. त्यांनी आणलेल्या स्थळाला नाही म्हणणं म्हणजे काकूंनाच नाही म्हणणं. तिसऱ्या भेटीनंतर उत्तर द्यायची रीत आहे. दोन भेटी झाल्या होत्या.

शिंगो तेराओ डोंगराकडचा, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. माणसात खोट नव्हती. असती तर तेवढंच एक कारण मिळालं असतं. चिझुरूला लग्न करायचं नव्हतं, त्याच्याशीही नाही आणि बहुधा कोणाशीच नाही. हे काकूंपुढे बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून तिसऱ्या भेटीसाठी तिनं बेट सुचवलं.

नकाशावर त्याचं नाव वेगळं आहे, पण बंदरात सगळे त्याला बेंतेनचं बेटच म्हणतात. बेंतेन ही हातात वीणा धरलेली देवी, पाण्याची, गाण्याची आणि भारी मत्सरी. जोडीनं दर्शनाला आलेल्यांची ती ताटातूट करते, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. लग्न ठरत आलेलं कोणी तिथे एकत्र जात नाही. चिझुरूचा बेत सरळ होता. दोघांनी मिळून घंटा वाजवायची, मग नकार कळवायचा आणि दोष देवीच्या माथी मारायचा. डोंगराकडच्या माणसाला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं.

बोटीत शिंगो बाहेरच्या बाकावर बसला. त्याचा चेहरा हिरवट पडला होता, तरी तो आत यायला तयार नव्हता.

"आत बसा ना, तेराओसान. बोट कमी हलते आत."

"नको. आतून समुद्र दिसत नाही. इतक्या लांब आलोय तर पोटात ढवळताना निदान समुद्र तरी दिसू दे."

चिझुरूला हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला.

बेटावर उतरल्यावर धक्क्याच्या तोंडाशीच एक म्हातारी काड्यांना टोचलेलं माकूळ निखाऱ्यावर भाजत होती. सोया सॉस ठिबकला की धुराचा लोट उठायचा. शिंगोचं पोट जमिनीवर येताच ताळ्यावर आलं होतं. त्यानं दोन काड्या मागितल्या.

"जोडीनं आलात?" म्हातारीनं विचारलं.

"हो," शिंगो म्हणाला. "म्हणजे अजून ठरायचंय."

"मग देवळात वेगवेगळे जा हो. आधी एकानं, मग दुसऱ्यानं. देवीला जोड्या बघवत नाहीत. मी दरवर्षी कानीकपाळी ओरडते, पण कोणी ऐकत नाही. मग पुढच्या वर्षी एकेकटे येतात आणि दोघांचं माकूळ एकटेच खातात."

"म्हणजे तुमचा तोटा नाहीच," शिंगो म्हणाला.

"तोटा कसला! रडणारं माणूस जास्तच खातं." म्हातारीनं चिझुरूकडे पाहिलं. "तू बंदरातली दिसतेस. सांगितलं नाहीस याला?"

चिझुरूनं माकुळाचा मोठा घास तोंडात कोंबला. तोंड भरलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

देवळाची चढण पाइनच्या झाडांतून जाते. लाल कमानीपाशी दोघांनी डोणीतल्या पाण्यानं हात धुतले, चूळ भरली. मग तो बाजूला झाला.

"तुम्ही जाऊन या. मी इथे थांबतो."

"का?"

"आजी काय म्हणाल्या ते ऐकलंत ना? माझा विश्वास आहे असं नाही. पण उगीच कशाला विषाची परीक्षा?"

तो कमानीच्या खांबाला टेकून उभा राहिला, सामान राखणाऱ्या माणसासारखा. चिझुरू एकटीच चार पावलं आत गेली आणि थांबली. एकटीनं घंटा वाजवून काही उपयोग नव्हता. संध्याकाळी घरी काकूंचा फोन येणार. वडील फोनशेजारी बसून असणार. होकाराशिवाय दुसरं काही बोलायला तिच्याकडे उरणार नव्हतं.

ती परत आली.

"तेराओसान, तुम्हीही आत यायला हवं."

"अहो, पण—"

"मला ठाऊक होतं. देवीचं. म्हणूनच तुम्हाला इथे आणलं."

असं तोंडावर कोणी सांगत नाही. नकार मध्यस्थाकडून जातो, आणि तोही कागदात गुंडाळलेल्या मिठाईसारखा. चिझुरूचे कान तापले. शिंगोनं चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा घातला.

"माझं काही चुकलं का?"

"नाही. तेच तर. काही चुकलं असतं तर काकूंना सांगता आलं असतं."

त्यानं खाली समुद्राकडे पाहिलं. बोट धक्क्याला लागून डोलत होती.

"मला याआधी दोनदा नकार आला," तो म्हणाला. "दोन्ही वेळा फोनवर. 'आमच्या मुलीची तेवढी योग्यता नाही.' दोघींचीही योग्यता नव्हती म्हणे. आई आठवडाभर मला विचारत राहते, तू काय बोललास, सूप पिताना आवाज केलास का? माझं मोडलं की तिच्या दृष्टीनं मीच मोडलेलं असतं. देवीनं मोडलं तर मात्र तिला चालेल."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"थोडा रागावलोय. तुम्ही आवडला होतात मला. पण फोनची वाट बघण्यापेक्षा हे बरं. निदान माकूळ तरी खायला मिळालं." तो खांबापासून दूर झाला. "चला. करायचंच तर नीट करू."

देवळात दुसरं कोणी नव्हतं. दोघांनी मिळून घंटेचा जाडजूड दोर धरला.

"जोरात," शिंगो म्हणाला. "ऐकू जायला हवं तिला."

घंटा खणखणली. त्यांनी दोनदा वाकून नमस्कार केला, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. चिझुरूनं मागायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण हात जोडल्यावर मागायला काही राहिलंच नाही. नुसता श्वास मोकळा झाला. शेजारी शिंगो अजून वाकलेलाच होता. त्याला बरंच काही सांगायचं असावं.

परतीच्या बोटीत तो आत बसला. समुद्र बघून झाला म्हणाला.

बंदराला उतरताच त्यानं फोन काढला. काकूंना मुलाच्या बाजूनं आधी कळलेलं बरं, असं त्याचं म्हणणं होतं. चिझुरू शेजारी उभी राहिली. काकूंचा आवाज तिला फोनबाहेरही ऐकू येत होता.

"बेंतेनच्या बेटावर? दोघं? एकत्र आत गेलात?"

"हो, काकू. घंटासुद्धा वाजवली."

काकू कडाडल्या, "आणि चिझुरू काय झोपली होती? ती तर इथलीच! तिला माहीत नाही होय?"

एवढी साधी गोष्ट चिझुरूच्या बेतात नव्हतीच. बंदरातली मुलगी बेंतेनच्या बेटाला चुकून जात नाही.

शिंगोनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"त्यांनी सांगितलं होतं, काकू. कमानीपाशी थांबवलंही. मीच हट्ट केला. म्हटलं, आमच्याकडे डोंगरात असलं कोणी मानत नाही. त्या बिचाऱ्या काय करणार?"

"शाबास! मग आता भोगा. परत जुळायचं नाही हे. मी इतकी लग्नं लावली, पण देवीशी भांडायला मी जाणार नाही. तिला फोन द्या."

चिझुरूनं फोन घेतला.

"रडतेस का गं?" काकूंचा आवाज एकदम खाली आला होता.

"नाही, काकू."

"रडू नकोस. माणूस हेकट निघाला, आधीच कळलं ते बरं झालं. वडिलांना मी सांगते, तू काही बोलू नकोस. तुझा काही दोष नाही यात. आणि सोमवारी जरा लवकर ये, बोनितो मासळीची मोठी खेप येतेय."

"येते."

फोन परत देताना तिनं शिंगोपुढे कमरेतून वाकून नमस्कार केला, कारखान्यात मालकांपुढेही कधी केला नव्हता इतका खोल. तो गडबडला आणि त्यानंही तसाच केला. मागून मासळीची गाडी ढकलत आलेला माणूस खेकसला, "नमस्कार रस्त्याच्या कडेला करा!"

दोघं कडेला झाले. शिंगोची आगगाडी यायची होती. तो स्टेशनकडे निघाला, ती घराकडे. चढावर पोचल्यावर चिझुरूच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतो आहोत. मासळीबाजारातल्या बायकांनी ऐकलं असेल, म्हणून तिनं चेहरा जरा पाडला, आणि कोपरा वळल्यावर पुन्हा गुणगुणायला लागली.