पोचल्याचं बटण

घाईचा माल नेणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं, हे ऐकून लोक हसतात. हसू देत. ताशीला विचारा. कुठलीही गोष्ट तो ‘ताशी इतके’ म्हणूनच सांगायचा, म्हणून बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव ताशी पाडलं होतं. आणि हा गडी गेले तीन दिवस ताशी शून्य वेगानं पेट्रोल पंपामागच्या पार्किंगमध्ये उभा होता. व्हॅन त्याची, टायर त्याचे, कंबरही त्याचीच. हुकूम तेवढा वाहतूक कंपनीचा. एखाद्या फेरीला नाही म्हणालात, की रांगेतला तुमचा नंबर थेट तळाला.

“घाईची गाडी म्हणे!” बायको फोनवर म्हणाली. “तीन दिवसांत आपल्या खिडकीतला वेलसुद्धा तुमच्यापेक्षा जास्त सरकला.”

“वेलाला ऑफिसची परवानगी लागत नाही,” ताशी म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी फेरी लागली. माल काय, तर दोन हातांत मावेल असं एक खोकं. मागची अख्खी व्हॅन रिकामी आणि मधोमध पट्ट्यांनी बांधलेलं ते एवढंसं खोकं. वजन मात्र दगडासारखं. आत काय आहे हे ड्रायव्हरला कुणी सांगत नाही. ‘अति तातडीचं’ एवढं सांगतात, आणि ते सगळ्याच खोक्यांवर लिहिलेलं असतं. मागं एकदा त्यानं जेवणखाण सोडून पोचवलेलं खोकं चार दिवसांनी त्याच गेटवर, त्याच जागी धूळ खात पडलेलं त्याला दिसलं होतं. तेव्हापासून तातडी या शब्दावरून त्याचं मन साफ उडालं होतं.

निघाल्यापासून फोन सुरू झाला. फेऱ्या वाटणारा ऑफिसातला माणूस दर पंधरा मिनिटांनी विचारायचा, “दादा, कुठं आलात?”

“मघाशी होतो त्याच्या पुढं.”

“थट्टा नको, दादा. गिऱ्हाईक डोकं खातंय.”

या जाचावर ड्रायव्हरांनी एक उतारा शोधून काढला होता. मोबाइलवर कंपनीचं एक बटण असतं, ‘पोचलो’. ते दाबलं की ऑफिसचा फोन बंद होतो. मग शेवटचा तुकडा जरा शांतपणे चालवता येतो. सगळेच ते दहा-पंधरा मिनिटं आधी दाबायचे आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. ताशीनंही खोकं द्यायचं तो कारखाना बारा किलोमीटरवर असताना दाबलं. तेव्हा दुपारचे दोन वाजून चार मिनिटं झाली होती. फोन गप्प झाला आणि त्याला हायसं वाटलं.

पुढं रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी आली, निम्मी गेली आणि मधेच ठप्प झाली. फोन पुन्हा वाजू लागला. पुढच्या फेरीची कटकट असणार असं म्हणून ताशीनं तो सीटवर पालथा टाकला. फोन वाजत राहिला आणि ताशी खिडकीबाहेर हात टाकून मालगाडीचे डबे मोजत बसला.

कारखान्याचं गेट सताड उघडं होतं. हे त्यानं आजवर कुठंच पाहिलं नव्हतं. पहारेकरी स्वतः व्हॅनपुढं धावत निघाला. शेडच्या दाराशी एका माणसानं ताशीच्या हातून खोकं अक्षरशः हिसकावलं आणि तो आत पळाला. पावतीवर सही राहिली, म्हणून ताशीही कागद घेऊन त्याच्या मागोमाग आत गेला.

आत गेला आणि जागच्या जागी थांबला.

समोर काचेची भट्टी होती. दोन मजली घराएवढी. तिच्या एका अंगाला, छातीएवढ्या उंचीवर, विटांची लांबलचक रांग नारिंगी होऊन पेटली होती आणि त्या भिंतीसमोर माणसं उभी होती. तिघं-तिघं मिळून हवेचा एकेक पाइप धरत, विटांवर हवा मारत आणि आग सोसेनाशी झाली की मागं हटत. ती हटायच्या आत दुसरी तिघं पाइप पकडत. मागं रांग लागली होती. रांगेत कामगार होते, कॅन्टीनचा आचारी ॲप्रनसकट होता, कारखान्याच्या ऑफिसातल्या दोन बायका डोक्याला ओली फडकी गुंडाळून उभ्या होत्या. कुणी ओरडत नव्हतं. एक म्हातारा फोरमन मधे उभा राहून नुसता म्हणत होता, “बदला. बदला.” ताशीच्या अंगावर काटा आला. एवढी माणसं इतक्या मुकाट्यानं, एकमेकांवर इतका भरवसा टाकून काम करताना त्यानं जन्मात पाहिली नव्हती. हातातला कागद कधी गळून पडला, हेही त्याला कळलं नाही.

खोक्यातून बेअरिंग निघालं. भट्टीच्या भिंतीवर अखंड हवा मारणारा मोठा पंखा असतो, त्याचं. चार जण पंख्याला भिडले. बऱ्याच वेळानं पंखा गुरगुरला, मग त्यानं सूर धरला, आणि विटांचा नारिंगी रंग हळूहळू उतरून काळपट लाल झाला. तेव्हा कुठं माणसांनी पाइप खाली ठेवले. बरीचशी तिथंच जमिनीवर बसली.

“ही विझत नाही कधी?” ताशीनं पहारेकऱ्याला विचारलं. त्याचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला होता.

“अकरा वर्षं पेटती आहे. भिंत फुटली असती तर आतला सगळा काचेचा रस बाहेर. मग भट्टी संपली, आणि आम्हीही.”

तेवढ्यात मॅनेजर आला. त्यानं एका इंजिनिअर बाईला सगळ्यांसमोर धारेवर धरलं. “कुरकुरत का होईना, जुनं बेअरिंग चालत होतं. नवं हातात नसताना पंखा बंद कुणी केला? तोडून काढलं तुम्ही ते! परत बसवायची सोय ठेवली नाहीत.”

बाईचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. “सर, निरोप आला होता. गाडी पोचली म्हणून. एक मिनिटही फुकट जाऊ नये म्हणून मी…”

“मग गाडी कुठं होती? उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

ताशी गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. कंपनीच्या नकाशावरचा गाडीचा ठिपका नेहमीच चुकीचा असतो, त्यावर ऑफिसचाही विश्वास नव्हता; दोष त्या ठिपक्यावरच गेला असता. बोललं तर कंपनी त्याला त्याच दिवशी काढणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं जमिनीवर बसलेल्या माणसांकडं पाहिलं. आचाऱ्याच्या भुवया जळाल्या होत्या.

“साहेब, बाईंची चूक नाही,” तो म्हणाला. “बटण मी दाबलं. मी तेव्हा रेल्वे फाटकाच्याही पलीकडं होतो. ऑफिसचा फोन बंद व्हावा म्हणून आधीच दाबलं. आम्ही सगळेच दाबतो.”

  इंजिनिअर बाई शेडच्या भिंतीला टेकली आणि तिनं तोंडावर दोन्ही हात धरले. म्हातारा फोरमन मात्र उठून ताशीजवळ आला.

“किती वाजता दाबलंस?”

“दोन वाजून चार मिनिटांनी.”

फोरमननं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून मनाशी हिशेब केला. ताशीला वाटलं, आता कानाखाली बसणार. बसली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

पण म्हातारा आपल्या माणसांकडं वळला.

“दीड तास,” तो म्हणाला. “दीड तास धरली रे आपण भिंत.”

खाली बसलेल्या माणसांनी माना वर केल्या. आपण किती वेळ उभे होतो याचा त्यांच्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. ती एकमेकांकडं बघू लागली, मग भिंतीकडं, मग आपल्याच हातांकडं. आचाऱ्यानं थोडं सरकून शेजारी जागा केली आणि ताशीला बसायची खूण केली.

ताशीला काही बसवेना. तो त्यांच्यासमोर तसाच उभा राहिला.