न उघडणाऱ्या फायली

"एवढीशी डबी, पण अख्खं घर वेठीला धरलंय," सासूबाई लसूण सोलता सोलता पुटपुटल्या. सुनेला ऐकू जावं, इतक्याच हळू.

डबी म्हणजे हार्ड डिस्क. सून ती मघापासून नव्या कम्प्युटरला लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. भरतकामाच्या मशीनची तिची सगळी डिझाइनं त्यात असायला हवी होती. वेली, पाखरं, वळणदार अक्षरं. एकेका पाकळीचा टाका तिने लग्नाआधीपासून डोळे फोडून बसवलेला. डिझाइनची फाइल पोटात गेली नाही, तर मशीन म्हणजे नुसतं लोखंड. आणि उद्या सकाळी हॉटेलवाल्याचे टेबलक्लॉथ येणार होते. त्याला मागच्या खेपेचीच वेल हवी होती.

जुना कम्प्युटर नवऱ्याने आतलं सगळं पुसून, लख्ख करून बहिणीला देऊन टाकला होता. "आधी डिस्कवर घेतलंत ना सगळं?" तिने तेव्हा विचारलं होतं. "घेतलं गं बाई," तो म्हणाला होता.

डिस्कवर होतं काय? 'ऑफिसची सहल'. 'सहल भाग दोन'. 'सहल, बसमधली गाणी'.

"माझं फोल्डर कुठंय?"

"असेल कुठेतरी. नीट बघ."

"नीटच बघतेय. तुमचे साहेब तीनदा नाचताना सापडले. माझी एक वेल सापडत नाही."

सासूबाईंना हसू आलं. ते त्यांनी लसणात लपवलं.

"केबल ढिली असेल," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "कम्प्युटर नवाय, वेळ लागतो त्याला." मग आईकडे वळून, "चहा टाकतेस का गं?"

"चहा राहू दे." तिने केबल उपसली. "डिस्कवर जागा कमी पडली, तेव्हा काय काढलंत?"

तो मानेमागे खाजवत राहिला. "अगं, त्या फायली उघडतच नव्हत्या. चार-पाच बघितल्या. मला वाटलं, खराब झाल्यात."

"त्या मशीनच्या फायली आहेत! तुमच्या फोटोंसारख्या कशा उघडतील? कपाटाला कुलूप दिसलं म्हणून कपाट भंगारात घालता का? शेजारच्या खोलीत होते मी. एक हाक मारायला जीभ झडली होती?"

"चिडतेस काय एवढी? कर की पुन्हा हळूहळू. दुपारी तसा वेळच असतो तुला."

तिने दोन्ही हात मशीनच्या थंड पत्र्यावर दाबून धरले.

"डिस्कवरची सहल का नाही रे काढलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तू तरी..."

"सांग ना. सहल का नाही काढलीस?"

सासूबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं, हात पदराला पुसले.

"मीच सांगते. ती करते ते काम आहे, असं या घरात आपण कधी धरलंच नाही. तूही नाही, आणि मीही नाही."