टाकीच्या झाकणातलं मेण

फिटरच्या मोटरसायकलला नेमकं काय झालंय, हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक नसायला काय झालं? केलं तिनंच होतं.

फिटर बस डेपोतून निवृत्त झालेला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. नऊ वर्षांपूर्वी याच मोटरसायकलवरून दोघं नदीच्या पुलावर घसरले, आणि मागून येणाऱ्या ट्रकचं चाक तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलं. तिच्या कमरेचं हाड मोडलं, ते सांधलं, पण चाल लंगडी झाली ती झालीच. मोटरसायकल मागच्या खोलीत ताडपत्रीखाली गेली. आता निवृत्त झाल्यावर माणसानं पेपर वाचावा, दुपारी लवंडावं, की नाही? छे! या शहाण्यानं ताडपत्री काढली, गाडीचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला आणि चार महिने खपून पुन्हा जोडली. "पहिली चक्कर पुलापलीकडे, लेकीच्या घरी," असं त्यानं जाहीर केलं.

तिनं विनवून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. तो म्हणायचा, "अगं, काही होत नाही गं." काही होत नाही म्हणे! झालेलं ती रोज कमरेत घेऊन फिरत होती.

मग तिला झाकण आठवलं. टाकीतलं पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत शिरावी लागते, म्हणून झाकणाला एक बारीकसं भोक असतं. ते बुजलं की गाडी थोडी चालते आणि बसते. हे तिला कुणी शिकवलं? त्यानंच. उभ्या संसारात जेवताना दुसरं बोललाय काय तो! ती घरी शिवणकाम करायची. बटणाच्या दोऱ्याला लावायचं मेण तिनं चिमूटभर घेतलं आणि झाकणाच्या आतून त्या भोकात दाबून बसवलं.

झालं. गाडी कोपऱ्यापर्यंत जायची, आचके द्यायची आणि बंद पडायची. फिटर झाकण उघडून पेट्रोल बघायचा, किक मारायचा, ती मुकाट सुरू व्हायची. घरी येऊन तो कार्बोरेटर खोलायचा, प्लग बदलायचा, वायरी तपासायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरा, पुन्हा आचके. त्याचे काळे हात आणि उतरलेलं तोंड बघून तिला वाईट वाटायचं, आणि रात्री मात्र झोप छान लागायची. इतका मुरलेला माणूस झाकणाकडे कसा बघत नाही, याचं तिला नवल वाटे. पण आपलं काम होतंय ना, मग कशाला खोलात शिरा?

शनिवारी तिचा धाकटा भाऊ आला. त्याला सगळे बारक्या म्हणतात, आणि तो जिना चढला की जिना कण्हतो. फर्निचर पोचवायचा टेम्पो चालवतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "भाऊजी, राहू द्या आता. उद्या माझ्या ओळखीचा मेकॅनिक आणतो. पोरसवदा आहे, पण डोकं चालतं त्याचं."

"काही गरज नाही," फिटर म्हणाला. जेवण अर्धवट टाकून तो उठला.

रविवारी सकाळी ती आंघोळ करत असताना किक ऐकू आली. ओल्या केसांनी ती दारात येईपर्यंत गाडी निघाली होती. ती कान देऊन उभी राहिली. आता कोपऱ्यावर बसेल. आता बसेल. पण आवाज कोपरा ओलांडून बाजाराकडे गेला आणि बारीक होत होत विरला.

मेणाचा परिणाम आज उशिरा होणार, एवढंच! मग गाडी बसणार कुठे? पुलावर. तिथे बाजूला घ्यायला वीतभर जागा नाही, आणि मागून ट्रक. अरे देवा, वाचवायला गेले आणि मीच खड्डा खणून बसले!

तेवढ्यात बारक्याचा टेम्पो आला. मेकॅनिकची वेळ ठरली होती, पण त्याआधी तीन कपाटं पोचवायची होती म्हणून उशीर होईल हे तो सांगायला आला होता. ती धडपडत त्याच्या शेजारी चढली.

"पुलावर घे! लवकर घे!"

"अगं ताई, चप्पल तरी घाल!"

वाटेत तिनं सगळं सांगून टाकलं. बारक्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि टेम्पो दामटला. प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, आता गर्दी दिसणार. माणसं गोल करून उभी असणार, आणि मधे तो.

पुलाच्या तोंडाशी तो दिसला. कठड्याला लागून, दोन्ही पाय जमिनीवर टेकून, गाडीवर ताठ बसलेला. ट्रक त्याच्या अंगाजवळून वारा मारत जात होते. बारक्यानं टेम्पो त्याच्या मागे आडवा घातला आणि दिवे लुकलुकते ठेवले. मागे लगेच भोंगे सुरू झाले.

ती लंगडत धावली. "अहो, झाकण उघडा! हवा जात नाहीये, मीच मेण..."

आणि ती थांबली. इंजिन चालू होतं. एकसारखं, ठणठणीत चालू होतं.

"मेण सकाळी काढलं मी," तो समोर बघत म्हणाला. "त्यात तुझा निळा दोरा होता. दुसऱ्याच दिवशी सापडलं होतं."

"मग इतके दिवस? रोज ते खोलणं, पुसणं?"

"बरं वाटायचं," तो म्हणाला. "गाडी बंद पडली की बरं वाटायचं. काल बारक्या बोलला, ते लागलं. म्हणून निघालो. इथपर्यंत आलो आणि पायच उचलेना. ना पुढे जाता येतंय, ना उतरता येतंय." त्याचे हात हँडलवर पांढरे पडले होते. "तुला काय सांगणार होतो? तुझ्यापेक्षा मीच जास्त भ्यायलोय म्हणून?"

तिला रागही आला आणि रडूही आलं. इतकी वर्षं एका छताखाली काढली, आणि दोघंही एकमेकांपासून एकच भीती लपवत बसले होते. मागे भोंग्यांनी नुसता हैदोस घातला होता. इथे उभं राहणं म्हणजे मरणाला निमंत्रण.

तिनं त्याचा दंड धरला. "पहिला गिअर टाका. मी शेजारून चालते. माझ्या चालीनं चला."

गाडी हलली. बाजूनं ती अनवाणी, लंगडत. मागे कपाटं घेऊन बारक्या. त्याच्यामागे शिव्या देणारं अख्खं गाव. नऊ वर्षांपूर्वी पडले होते ती जागा आली, तेव्हा तिनं डोळे मिटले. दंड सोडला नाही.

"अशानं क्लच जळेल," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"नवा बसवायला किती दिवस लागतात?"

"महिनाभर." आणखी चार पावलं गेली. "सावकाश केलं तर दोन."

"मग जळू दे," ती म्हणाली.